दगडू सरांचं विशेषनाम

“बाई, चला लवकर, दगडू सर पडले!” असं ओरडत आठवीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात आली, तेव्हा मी चक्क हसले होते. कारण दगडू सर आमच्या शाळेत वरचेवर पडायचे. कधी पायरी चुकायची, कधी मोडक्या खुर्चीचा पाय दगा द्यायचा. पडले की उठून पँट झटकायचे, “ग्रॅव्हिटी! अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नाऊन! दिसत नाही, पण आहे,” असं म्हणायचे आणि चालायला लागायचे. त्यामुळं मी हातातलं पुस्तकसुद्धा न मिटता म्हटलं, “पडले तर उठतील की गं.” पोरगी जागची हलेना. तिचा चेहरा नीट बघितला आणि मग मी पुस्तक टाकून धावले. मधल्या सुट्टीत शाळेसमोरच्या रसवंतीवर उसाचा रस प्यायला गेलेला माणूस... रसवंतीवाला नंतर सगळ्यांना सांगत होता, “सर म्हणले बर्फ नको, ग्लास हातात घेतला आन् खालीच बसले.” एवढंच. बर्फ नको! जन्मभर बडबड केलेल्या माणसाचं शेवटचं बोलणं हे असावं? आता काही आठवडे उलटले, पण मला अजून ते पटत नाही. सकाळी प्रार्थनेला माझ्या शेजारची जागा रिकामी दिसली की मी रोज नव्यानं हबकते, आणि मग त्यांच्यावरच चिडते.

आमच्या मांडवगण फराट्यातून त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, वाटेतच सगळं संपलंय. सरांच्या पत्नी, शोभावहिनी, बाकावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या, नुसत्या स्वतःच्या पायांकडं बघत होत्या. मीही बघितलं तर एका पायात त्यांची चप्पल आणि दुसऱ्या पायात सरांची. तेवढ्यात आतून एक माणूस आला आणि त्यानं विचारलं, “बॉडी कुणाची?” मी मराठी शिकवते. इंग्रजीशी माझं भांडण जुनं, पण एखादा इंग्रजी शब्द असा कानशिलात बसेल असं कधी वाटलं नव्हतं. सकाळी माझ्या डब्यातली चटणी मागून घेणारा माणूस दुपारपर्यंत ‘बॉडी’ झाला होता. कॉमन नाऊन, सिंग्युलर. मी तावातावानं म्हटलं, “बॉडी काय म्हणता? नाव आहे त्यांना.” तो बिचारा म्हणाला, “मग नाव सांगा ना, बाई.” मी तोंड उघडायच्या आत शोभावहिनी म्हणाल्या, “दिनकर.”

मला वाटलं, धक्क्यानं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. “वहिनी, असं काय करताय? दगडू म्हणा, दगडू!” तर त्या शांतपणे म्हणाल्या, “बाई, नाव बदललं त्यांनी. गेल्या महिन्यात गॅझेट झालं. अनुजाच्या लग्नाची पत्रिका छापायची होती ना... शाळेत पेढे देऊनच सांगणार होते.” आणि एकदम माझा हात गच्च धरला. “आत्याबाईंना ठाऊक नाही. त्यांना कळता कामा नये. कळलं तर त्या अनुजाला...” अनुजा ही सरांची मुलगी आणि आत्याबाई म्हणजे वहिनींच्या सासूबाई, सरांची आई सखुबाई. त्या खुटबावला असतात. त्या बाकावर, एका दुपारी मला हा दुसरा धक्का बसला. आधी माणूस गेला, आणि मागोमाग त्याचं नावही गेल्याचं कळलं.

सखुबाईंना का कळता कामा नये, ते समजायचं तर सरांचं नाव दगडू का होतं हे सांगायला हवं. सरांचे आईवडील तरुणपणी मेंढरांमागं फिरत. खुटबावला शेती करून स्थिरावले ते पुष्कळ नंतर. त्या फिरतीत सखुबाईंची आधीची तीन मुलं गेली. चौथा मुलगा झाला तेव्हा त्यांनी त्याचं नाव ठेवलं दगडू. आपल्याकडं दगडू, धोंडू, केरू अशी नावं कशी आली हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. नावच असं ठेवायचं की मरणानंही नाक मुरडून पुढं जावं. सखुबाई हे कुणालाही सांगायच्या, मलाही पहिल्या भेटीतच सांगितलं. “चांगली सोन्यासारखी नावं ठिवली, ती न्हेली त्यानं. मग म्हनलं, ह्यो दगड हाय, घे उचलून! न्हाई उचलला.” पोरगा विहिरीत पडला आणि वाचला, ते नावामुळं. कॉलेजात असताना कावीळ पोटात गेली आणि उतरली, ती नावामुळं. चौफुल्याजवळ ट्रकनं मोटरसायकल उडवली आणि सर नुसत्या कोपराला खरचटून घरी आले, तेव्हा म्हातारी म्हणाली म्हणे, “दगडाला काय व्हतंय?” त्यांच्या लेखी ते नाव नव्हतंच, पोराच्या अंगावरचं चिलखत होतं. सर यावर हसायचे. पण आईसमोर कधी हसले नाहीत.

वर्गात मात्र त्याच नावाचं त्यांनी सोनं केलं. नाऊन शिकवायची वेळ आली की फळ्यावर दोनच शब्द लिहायचे, ‘दगड’ आणि ‘दगडू’. माझा वर्ग शेजारी आणि मधली भिंत नावालाच, त्यामुळं तो तास मी इतक्यांदा ऐकलाय की अजून पाठ आहे. “दगड म्हणजे काय?” सगळा वर्ग ओरडायचा, “स्टोन!” “मग दगडू म्हणजे?” कुणीतरी आगाऊ हमखास म्हणायचं, “मिस्टर स्टोन!” वर्गात खसखस पिकायची. सर मनमुराद हसू द्यायचे आणि मग बोट वर करायचे. “चूक! दगड कॉमन नाऊन. गावात हजार दगड, त्याला ‘अ’ लावा, ‘द’ लावा, एस लावून ढीग घाला. घराच्या भिंतीत बसला की तोच मटेरियल नाऊन, मग मोजायचा नाही. पण दगडू? तो एकच, हा असा तुमच्यासमोर उभा. प्रॉपर नाऊन. पहिलं अक्षर कॅपिटल. आणि प्रॉपर नाऊनचं भाषांतर होत नाही. गुलाबराव लंडनला गेले तरी त्यांना रोझराव म्हणतील का? मी लंडनला गेलो तरी दगडूच!” नाव ठेवण्यात मायेशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि त्याची टिंगल करायला आलेली पोरं व्याकरण शिकून जायची. कोरेगाव भीमाच्या कंपनीत सुपरवायझर झालेला त्यांचा एक विद्यार्थी मला म्हणाला, “बाई, सगळं इंग्रजी विसरलो, पण दगड आन् दगडू विसरलो न्हाई.”

माझं आणि त्यांचं भांडण होतं ते वेगळंच. आमच्या मराठीत नामाचे मुख्य प्रकार तीन, सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचक. समूह आणि पदार्थ सामान्यनामाच्या पोटात आपोआप येतात. त्यांच्या इंग्रजीत मात्र पाच. मी म्हणायची, “तिघांत भागतंय तिथं पाच कशाला? आधीच गर्दी काय कमी आहे?” ते म्हणायचे, “बाई, तुमची भाषा काटकसरी.” मग मला चेव चढायचा. “काटकसरी? बरं, भाकरींची चवड, इंग्रजीत सांगा. किल्ल्यांचा जुडगा? पिकत घातलेल्या आंब्यांची अढी?” चवडीला ते ‘स्टॅक’ म्हणाले, जुडग्याला ‘बंच’ म्हणाले, अढीला मात्र डोकं खाजवत बसले. शेवटी म्हणाले, “इंग्रजांनी आंबे पिकत घातले असते तर दिला असता शब्द. मी त्यांना कळवतो.” असा माणूस होता. हरला तरी तुम्हालाच हसवून जायचा.

एक प्रसंग तर मी विसरूच शकत नाही. कलेक्टिव्ह नाऊन चालू होतं, ‘फ्लॉक ऑफ शीप’. शीपचं अनेकवचन शीपच राहतं, असं सरांनी सांगितलं. तर घरी मेंढरं असलेली एक मुलगी उभी राहिली. “सर, एक बी शीप आन् शंभर बी शीपच? मग एखादं हरावलं तर कळायचं कसं?” मी भिंतीपलीकडं कान टवकारले. सर म्हणाले, “हा प्रश्न इंग्रजांना कुणी विचारलाच नाही बघ, बाळ.” तास संपल्यावर स्टाफरूममध्ये आले ते अजून विचारातच. म्हणाले, “बाई, माझा बाप मेंढरं मोजायचा नाही. संध्याकाळी तळावर नुसती नजर टाकायचा आणि म्हणायचा, ती काळ्या कानाची दिसत नाही. त्याला प्रत्येकाचं तोंड पाठ होतं. त्याच्या लेखी कळपात एकही कॉमन नाऊन नव्हतं.” पोरांच्या बाबतीत सरही तसेच होते. हजेरी घेताना नंबर कधी पुकारला नाही, पूर्ण नाव घेऊनच हाक मारायचे.

आणि त्या पूर्ण नावानंच घात केला. अनुजा, त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यात इंजिनिअरिंगला होती. आपल्याकडं मुलीच्या नावापुढं बापाचं नाव लागतं. ‘अनुजा दगडू’ असं हजेरीत पुकारलं की मागच्या बाकावरून हसू यायचं. मैत्रिणी तिला लाडानं ‘स्टोन’ म्हणायच्या. तिनं ते घरी कधी सांगितलं नाही. लग्न ठरलं, सासरकडच्या कुणीतरी बैठकीत तिचं पूर्ण नाव वाचलं आणि तिथंही दोघेतिघे हसले, त्या दिवशी मात्र पोरीचा बांध फुटला. “पप्पा, तुमची लाज नाही वाटत हो मला. पण हसतात ना, ते सहन होत नाही,” एवढं म्हणून ती रडत आत गेली. हे शोभावहिनींनी मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशीपासून सर गुपचूप कामाला लागले. जो माणूस पोरांना घसा फोडून सांगायचा की प्रॉपर नाऊन कुठल्याही देशात, कुठल्याही भाषेत बदलत नाही, त्यानं ऐन पन्नाशी उलटल्यावर स्वतःचंच बदललं. मला विचारलं असतं तर मी कडाकडा भांडले असते. मला राग आलाय की कौतुक वाटतंय, हे माझं मलाच अजून कळत नाही. ज्या पत्रिकेसाठी नाव बदललं ती पत्रिका तर शेवटी छापलीच नाही.

अंत्यसंस्कार खुटबावला झाले. भीमेचा पूल ओलांडताना गाडीत अनुजा माझ्या शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, “बाई, आजी नेहमी म्हणायची ना, नावामुळं वाचतो म्हणून... आणि नाव बदलून महिना झाला नाही तोच... मग हे माझ्यामुळंच ना?” मी हादरलेच. कॉम्प्युटर शिकलेली पोरगी! तिच्या आवाजात शंका नव्हती, खात्री होती. मी फाडकन म्हटलं, “वेडी आहेस का? हार्टला काय वाचता येतं? गॅझेट वाचून बंद पडलं का ते?” तिनं मान हलवली, पण ते तिच्या मनापर्यंत पोचलं नाही हे मला दिसत होतं. म्हणाली, “आजीला कळलं तर ती मला बघणारपण नाही, बाई.” आता कळलं ना, शोभावहिनी बाकावर काय म्हणत होत्या ते? आजीच्या तोंडून एक वाक्य जरी गेलं असतं की तुझ्या पायी माझा दगड गेला, तरी ही पोरगी आयुष्यात परत उभी राहिली नसती. गाडीतच सगळ्यांनी ठरवलं की म्हातारीसमोर दगडू, दगडू आणि दगडूच.

सखुबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विश्वासच ठेवला नाही. “दुसऱ्या कुणाचं आसंल. माझ्या दगडूला काय व्हत न्हाई,” असं त्या अगदी समजावणीच्या सुरात म्हणाल्या, जणू घाबरलेलो आम्हीच होतो. गाडीतून सरांना खाली घेतलं तेव्हा त्या पुढं आल्या, त्यांच्या गालावर बोटं टेकवली आणि नुसतं म्हणाल्या, “आरं, आसं कसं?” मोठ्यानं रडल्याही नाहीत. माझ्या कानात तो प्रश्न अजून आहे, कारण माझाही तोच प्रश्न आहे. आसं कसं?

पुढचे दिवस आम्ही सगळे शब्द सांभाळून वागलो. आणि दहाव्याच्या दिवशी सकाळी मी खुटबावच्या चौकात उतरते तर समोर हा एवढा मोठा फ्लेक्स! सरांचा हसरा फोटो, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि फोटोखाली ठळक अक्षरांत ‘कै. दिनकर सर’. जुन्या विद्यार्थ्यांनी प्रेमानंच लावलेला, कागदोपत्री नाव काय ते कुणालातरी विचारून. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. “अरे, काढा तो आधी!” म्हणून मी ओरडले, पण पोरांनी तो तारेनं असा आवळला होता की सुटता सुटेना. पक्कड आणायला एक जण पळाला, तोवर नदीवरचे विधी उरकून मंडळी परत यायला लागलीसुद्धा. मी धावत जाऊन सखुबाईंचा हात धरला आणि त्यांना कडेनं न्यायला बघितलं. त्या थांबल्या. फोटोकडं बघत राहिल्या. मागं अनुजा होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. “काय लिवलंय गं, बाय?” सखुबाईंनी विचारलं. “वाच.” अख्खी नोकरी मी पोरांना शुद्ध वाचन शिकवण्यात घालवली. मान वर करून, स्वच्छ आवाजात मी वाचलं, “कैलासवासी दगडू सर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.” म्हातारी “बरं” म्हणाली आणि चालायला लागली.

आता पुढचं जे सांगते आहे ते अनुजालाही आज पहिल्यांदाच कळेल. वर्षभर थांबवण्यापेक्षा लग्न उरकून घ्यावं असं दोन्हीकडच्यांनी ठरवलं, आणि गेल्या आठवड्यात ते साधेपणानं झालं. म्हणून मी मोकळी झाले. दहाव्याच्या त्याच दुपारी मी सखुबाईंजवळ ओट्यावर बसले होते. जेवणं उरकली होती, बाया आत भांडी आवरत होत्या. म्हातारी समोर बघत म्हणाली, “मला दुसरी अक्षरं येत न्हाईत, बाय. पर त्याचं नाव वळखू येतं. शाळंत जायाला लागला तवा चुलीपुढं राखंत लिवून दावायचा, आये ह्यो मी, आये ह्यो मी. तीन अक्षरं हायती, आन् शेवटच्याला खाली शेपूट हाय. त्या फोटूखालच्या नावाला शेपूट न्हवतं.”

“काय नाव घीतलं त्यानं?” त्यांनी विचारलं. “दिनकर,” मी म्हटलं. “पोरीसाठी?” “व्हय, आई.” मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, “म्हून गेला का गं त्यो?” “नाही, आई. नाही. हृदयाचं दुखणं होतं, कुणाला कळलंच नाही. नावानं असं कुणी जात नाही.” “मग...” म्हातारीचा आवाज अगदी बारीक झाला, “इतकी वर्सं ऱ्हायला, त्ये बी नावामुळं न्हवं?” एका पोराला जगवल्याचं जे एकमेव समाधान त्या बाईनं जन्मभर जपलं होतं, ते मी एका ‘नाही’त तिच्या हातून काढून घेतलं होतं. मला तिथंच हुंदका फुटला. उलट त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. “पोरीला सांगू नगंस मला कळलं म्हून. लगीन हुईस्तवर तर न्हाईच. जिवाला लावून घील. मग सांग निवांत, म्हनावं आजीला ठावं व्हतं.”

जरा वेळानं म्हणाल्या, “लिवून दाव. कसं लिवत्यात त्ये दिनकर?” पर्समध्ये खडूचा तुकडा असतोच. ओट्याच्या फरशीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं. म्हातारीनं वाकून त्यावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. पहिल्या अक्षरावरच्या वेलांटीपाशी थांबली. “शेपूट काढलं आन् डोक्यावर टोपी घातली व्हय रं, बाबा?” असं फरशीला म्हणाली. हसली की रडली, मला सांगता येणार नाही. मग खडू माझ्या हातातून घेऊन खाली स्वतः लिहायला लागली. ‘दि’ झाला, ‘न’ वाकडातिकडा झाला आणि तेवढ्यात आतून कपबशीचा आवाज आला. अनुजा चहा घेऊन येत होती. म्हातारीनं पदरानं खसाखसा फरशी पुसली आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली, “ये गं, माझे बाय. माझ्या दगडूला बी आसाच लागायचा, गुळाचा.”

अनुजा, तू कपबशी खाली ठेवलीस आणि आजीच्या मांडीवर डोकं टेकवून त्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर रडलीस. आजीच्या पदराला लागलेला खडू तुझ्या गालालाही लागला होता.